एचआर ४०४९ : लोह हरवलेला जोडतारा

कातळसडा, राजापूर

वासुकीच्या लांबलचक अंगाच्या दक्षिणेला आकाशाचा एक जवळपास रिकामा भासणारा पट्टा आहे. लकाय या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १७५१-५२ मध्ये केप ऑफ गुड होप येथून दक्षिण आकाशाची मोजणी केली आणि पुढे या पट्ट्याला हवेच्या पंपाचे नाव दिले. तोच आजचा अँटलिया. त्यातला सर्वांत ठळक ताराही जेमतेम सव्वाचार प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) असल्यामुळे आपल्याकडच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमांत या समूहाचा उल्लेख सहसा होत नाही, आणि त्यात कोणाचा दोष आहे असेही नाही. मला मात्र त्यातल्या आणखी मंद अशा एका ताऱ्याबद्दल लिहायचे आहे. त्याचे नाव एचआर ४०४९. एचडी ८९३५३ आणि एजी अँटलिये ही त्याचीच इतर नावे. त्याची दृश्यप्रत साधारण ५.३ ते ५.८ यांच्या दरम्यान बदलते, म्हणजे चंद्र नसलेल्या स्वच्छ रात्री सड्यावरून तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या सीमेवर असतो.

त्याच्या वर्णपटात प्रथम खटकते ती लोहाची उणीव. पृष्ठभागाचे तापमान सुमारे ७,५०० केल्विन असलेल्या महाराक्षसी ताऱ्याच्या वर्णपटात लोहाच्या रेषांची दाटी असायला हवी. येथे त्या जवळपास नाहीतच. सूर्यात हायड्रोजनच्या तुलनेत जेवढे लोह आहे, त्याच्या साठ हजारांशाइतकेच लोह या ताऱ्याच्या वातावरणात आढळते. लोह हे आधीच्या पिढ्यांतील ताऱ्यांच्या स्फोटांतून साठत गेलेले मूलद्रव्य आहे, म्हणून तारा जितका जुना तितके त्यात लोह कमी, हा ढोबळ नियम आपण सर्वांनी वाचलेला आहे. त्या नियमाने पाहिले तर एचआर ४०४९ हा आकाशगंगेच्या अगदी आरंभकाळातला तारा ठरायला हवा. अडचण अशी की त्याच वातावरणात कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांचे प्रमाण सूर्याच्या आसपासचे आहे. ज्या ढगात लोहच नव्हते त्या ढगात गंधक एवढे कोठून आले, याचे उत्तर जुनेपणातून मिळत नाही.

दोन गोष्टी यात जोडून पाहाव्या लागतात. १९८३ मध्ये सोडलेल्या आयरास या अवरक्त उपग्रहाच्या नोंदींवरून १९८६ मध्ये असे दाखवण्यात आले की हा तारा अवरक्तात त्याच्या तापमानाला शोभेल त्याहून फारच तेजस्वी आहे, म्हणजे त्याच्याभोवती तापलेली धूळ आहे. त्यानंतर १९९१ मध्ये वेल्केन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या अरीय वेगातील, म्हणजे आपल्याकडे येण्याच्या किंवा दूर जाण्याच्या वेगातील, चढउतारांवरून तो जोडतारा असल्याचे दाखवले. आवर्तकाल सुमारे ४३० दिवसांचा असून कक्षा बरीच लंबवर्तुळाकार आहे. जोडीदाराचा प्रकाश मिळत नाही. मुख्य ताऱ्याच्या वेगातील फरकावरूनच त्याचे अस्तित्व कळते.

माझे मत असे की एचआर ४०४९ चे विचित्र रसायन हा त्याच्या जोडतारा असण्याचा परिणाम आहे, त्याच्या वयाचा नव्हे. यावर मंडळींनी लिहावे, विशेषतः ज्यांचे रसायनशास्त्र माझ्यापेक्षा पक्के आहे त्यांनी.


खाडीकाठ, शिरोडा

लेख आवडला, परंतु एक पायरी सुटल्यासारखी वाटते. जोडीदार आहे आणि धूळही आहे, हे मान्य. पण जोडीदारामुळे लोह नाहीसे कसे होईल? लोह ताऱ्याच्या आत बुडाले असे म्हणायचे आहे, की जोडीदाराने ओढून नेले? ओढून नेले असेल तर त्याने लोह तेवढे निवडून घेतले आणि गंधक मागे ठेवले, हे पटण्यासारखे नाही.


प्रयोगशाळा, चिपळूण

प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. निवड झाली आहे हे खरेच, मात्र ती जोडीदाराने केलेली नाही. ती तापमानाने केली आहे.

तारा वृद्धापकाळी फुगतो आणि त्याचे बाह्य थर निसटू लागतात. एकटा तारा असता तर हे द्रव्य वाऱ्यासारखे चहूकडे निघून गेले असते. जवळ जोडीदार असला म्हणजे निसटलेल्या वायूचा काही भाग दोन्ही ताऱ्यांना वेढणाऱ्या तबकडीत अडकून राहतो. तबकडीतला वायू ताऱ्यापासून दूर असल्याने थंड होतो आणि त्यातली मूलद्रव्ये आपापल्या तापमानाला घन कणांत जमू लागतात. अॅल्युमिनियम, टायटॅनियम आणि कॅल्शियम ही साधारण १,५०० ते १,६५० केल्विनच्या पट्ट्यातच वायुरूप सोडतात. लोह, मॅग्नेशियम आणि सिलिकॉन १,३०० ते १,३५० केल्विनच्या आसपास जमतात. सोडियमला एक हजाराच्या जरा खाली यावे लागते, तर जस्त आणि गंधक सातशेच्या आसपास तापमान उतरेपर्यंत वायूतच असतात. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा बराचसा भाग तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन यांच्या रूपात वायूतच राहतो. ही तापमाने सूर्यासारखे मिश्रण आणि अत्यल्प दाब गृहीत धरून काढलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक तबकडीत ती तंतोतंत लागू पडणार नाहीत, पण क्रम फारसा बदलत नाही.

आता तबकडीत धूळ आणि वायू असे दोन घटक झाले. धुळीच्या कणांवर ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब पडतो आणि ते बाहेरच अडून राहतात. वायूवर तो दाब फारसा चालत नाही, म्हणून त्याचा थोडा भाग हळूहळू पुन्हा ताऱ्यावर पडत जातो. हा परत आलेला वायू लोहविरहित असतो. शिरोड्याच्या मिठागरातून उडालेली वाफ पावसाच्या रूपाने परत येते तेव्हा तिला मिठाची चव नसते, तसाच हा प्रकार आहे. समुद्रातले मीठ नष्ट झालेले नसते, ते खाचरात राहिलेले असते. या ताऱ्याचे लोहही तबकडीतल्या धुळीत आहे.

ही कल्पना १९९२ मध्ये मॅथिस आणि लॅमर्स यांनी, तसेच वॉटर्स, ट्रॅम्स आणि वेल्केन्स यांनी मांडली. तबकडी टिकून राहण्यासाठी जोडीदार हवा, हा मुद्दा दुसऱ्या लेखाचा. ज्या पुराव्याने माझे समाधान झाले तो मात्र जस्ताचा आहे. खरोखर जुन्या, लोहकंगाल ताऱ्यांत जस्त आणि लोह साधारण बरोबरीनेच कमी होतात, कारण दोघांचा उगम जवळजवळ सारखाच. परंतु संघननाच्या, म्हणजे वायूतून घन कणांत जमण्याच्या, बाबतीत त्यांच्यात पाचसहाशे अंशांचे अंतर आहे. म्हणून एखाद्या ताऱ्यात लोह नाही पण जस्त मात्र बऱ्यापैकी आहे असे दिसले, तर तो तारा जन्मतः कंगाल नाही, त्याचे लोह नंतर गाळले गेले आहे, असा अर्थ होतो. व्हॅन विंकेल, मॅथिस आणि वेल्केन्स यांनी १९९२ च्या ‘नेचर’मध्ये नेमका हाच युक्तिवाद केला. मिथुन राशीतल्या एचडी ५२९६१ या ताऱ्यात लोह एचआर ४०४९ इतकेच दुर्मीळ असूनही जस्त लोहाच्या मानाने हजारपटींहून अधिक निघाले.


खाडीकाठ, शिरोडा

सर, आभारी आहे. मिठागराच्या उदाहरणाने चित्र स्पष्ट झाले. आता एवढेच विचारतो की वरून पडलेला हा स्वच्छ वायू ताऱ्याच्या आतल्या लोहयुक्त द्रव्यात मिसळून का जात नाही? काही वर्षांत सगळे पुन्हा एकजीव व्हायला हवे.


कातळसडा, राजापूर

याचे उत्तर ताऱ्याच्या तापमानात आहे. सूर्यासारख्या किंवा त्याहून थंड ताऱ्याच्या बाह्य भागात अभिसरणाचा जाड थर असतो आणि तो पृष्ठभागावरचे द्रव्य खोलवर घुसळत असतो. एचआर ४०४९ चे बाह्य आवरण आता फार थोडे उरलेले आहे आणि ७,५०० केल्विनच्या आसपास अभिसरणाचा थर फारच पातळ होतो. त्यामुळे वरती पडलेला थोडासा वायू वरतीच राहतो आणि वर्णपटात आपल्याला तोच दिसतो. आतला तारा पाहिला तर बहुधा अगदी सामान्य रसायनाचा निघेल. तसा वर्णपट मिळण्याचा मार्ग नाही, ही गोष्ट निराळी.

या कुटुंबातले इतर तारेही येथे नोंदवून ठेवतो. एकशृंगी समूहातला एचडी ४४१७९ हा लाल आयत नावाच्या तेजोमेघाच्या केंद्रातला नवव्या प्रतीचा तारा, वर आलेला एचडी ५२९६१, तसेच एचडी ४६७०३ आणि बीडी +३९ ४९२६. व्हॅन विंकेल यांनी १९९५ मध्ये या अतिलोहकंगाल वृद्ध ताऱ्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा ते सगळे जोडतारे असल्याचे समोर आले. एखाददुसरा असता तर योगायोग म्हणता आला असता.


देवगडचा दक्षिणवारा

विषय ताऱ्यांच्या रसायनाचा आहे म्हणून आमच्या बाजूची एक गोष्ट लिहितो. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवले जातात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी, पर्यायाने हेलियमच्या शोधाशी, त्यांचे नाते सांगितले जाते. त्या दिवसाच्या स्मरणार्थ तेथे कार्यक्रमही होतात, आणि व्हावेतच. फक्त इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा विजयदुर्गावरून पाहिली असे जे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, आणि लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्यज्वालांचा वर्णपट घेतला. तरीही कोकणच्या किनाऱ्याचा वर्णपटशास्त्राच्या जन्मकाळाशी एवढा तरी संबंध आहे, हे आपल्यापैकी दुर्बीण बाळगणाऱ्यांना ठाऊक असलेले बरे.

मूळ विषयावर माझी शंका वेगळी आहे. हा तारा ५.३ ते ५.८ यांच्या दरम्यान बदलतो असे आपण लिहिले आहे. हा बदल ताऱ्याच्या स्पंदनामुळे आहे, की तोही जोडीदारामुळे?


कातळसडा, राजापूर

मुख्य बदलाचा आवर्तकाल कक्षेइतकाच, म्हणजे सुमारे ४३० दिवसांचा आहे, आणि त्याचा अर्थ मला फार मोहक वाटतो. आपण त्या तबकडीकडे जवळपास कडेच्या बाजूने पाहत आहोत. मुख्य तारा कक्षेत फिरत आपल्या बाजूला आला की तबकडीची जवळची कड त्याच्या काही प्रकाशाआड येते आणि तारा मंद दिसतो; तो पलीकडच्या बाजूला गेला की पुन्हा उजळतो. मंद होतो तेव्हा तो लालसरही होतो आणि अतिनील प्रकाशात ही घट आणखी ठळक असते. धुळीतून आलेल्या प्रकाशाची ही खूण आहे. म्हणजे ज्या धुळीत त्याचे लोह अडकले आहे, त्याच धुळीची सावली दर चौदा महिन्यांनी आपण साध्या द्विनेत्रीतून मोजू शकतो.

अवरक्तात ही तबकडी जवळपास एकाच तापमानाची, सुमारे १,१५० केल्विनची, दिसते. डॉमिनिक आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याचा अर्थ असा लावला की आपल्याला दिसणारा अवरक्त प्रकाश प्रामुख्याने तबकडीच्या आतल्या उंच भिंतीवरून येतो. १,१५० हा आकडा लोहाच्या संघनन तापमानाच्या खाली आणि जस्ताच्या बराच वर आहे, हे चिपळूणच्या सरांच्या यादीशी ताडून पाहावे. यावरून लगेच सगळे सिद्ध झाले असे मी म्हणत नाही, पण चित्र एकमेकांशी जुळते आहे.


अग्रनद, गुहागर

आतापर्यंतची चर्चा वाचून मला एक पुढचा आणि जरा अवघड प्रश्न उपस्थित करावासा वाटतो. लोहाचा अभाव ही जुनेपणाची खूण नसून गाळण्याची खूण असू शकते, हे जर एचआर ४०४९ ने शिकवले, तर ज्या ताऱ्यांना आपण आकाशगंगेतले सर्वांत जुने अवशेष मानतो त्यांच्याकडेही त्याच संशयाने का पाहू नये?

माझ्या मनात असलेला तारा फिनिक्स समूहातला आहे : एचई ०१०७-५२४०. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या ला सिया येथील श्मिट दुर्बिणीतून घेतलेल्या काचपट्ट्यांवर आधारलेल्या हॅम्बर्ग-ईएसओ सर्वेक्षणातून तो हाती लागला आणि क्रिस्टलीब व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तो जाहीर केला. दृश्यप्रत १५.२, अंतर सुमारे ३६,००० प्रकाशवर्षे. त्यातले लोह सूर्याच्या दोन लाखांशाइतके, म्हणजे एचआर ४०४९ पेक्षाही कमी. लोहाच्या प्रमाणात कार्बन मात्र सूर्याच्या दहा हजार पट. लोह नाही, कार्बन भरपूर : हे वर्णन आपल्याला ओळखीचे वाटत नाही का?

असे वाटणारा मी पहिला नाही. व्हेन आणि लॅम्बर्ट यांनी २००८ मध्ये हाच प्रश्न शीर्षकातच विचारणारा एक शोधनिबंध लिहिला. हे अतिलोहकंगाल तारे खरोखरच पहिल्या ताऱ्यांचे वारस आहेत, की धूळ आणि वायू वेगळे झाल्यामुळे रासायनिकदृष्ट्या विचित्र बनलेले तारे आहेत, असा त्यांचा सवाल होता. आणि पुढची गोष्ट अशी की एचई ०१०७-५२४० हासुद्धा जोडतारा निघाला आहे.


प्रयोगशाळा, चिपळूण

अग्रनद यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याला टाळता येणार नाही. तरी मी येथे विरुद्ध बाजू घेतो.

पहिली हरकत अभिसरणाची. एचआर ४०४९ मध्ये थोडासा स्वच्छ वायू पुरला, कारण मिसळणारा थर पातळ आहे. एचई ०१०७-५२४० हा सुमारे ५,१०० केल्विनचा राक्षसी तारा आहे आणि अशा ताऱ्याचे बाह्य आवरण खोलवर घुसळले जात असते. त्याच्या पृष्ठभागावर लोह दोन लाखांश दिसायचे असेल, तर वरचा पापुद्रा बदलून भागणार नाही, जवळजवळ सगळे आवरणच लोहविरहित असायला हवे. एवढा वायू गाळून परत आणणारी तबकडी कल्पिणे मला कठीण जाते.

दुसरी हरकत कार्बनाची. या ताऱ्यात लोहाच्या तुलनेत कार्बन प्रचंड असला, तरी हायड्रोजनच्या तुलनेत तो सूर्याच्या सुमारे विसांश इतकाच आहे. निव्वळ गाळण्याने हे साधायचे असेल तर मूळ तारा सूर्याच्या विसांश धातूंचा होता असे मानावे लागेल. तसे तारे आकाशगंगेच्या प्रभामंडळात, म्हणजे तिच्या बाहेरच्या विरळ आवरणात, आहेत, म्हणून ही हरकत पहिलीइतकी पक्की नाही, पण नोंदवून ठेवतो.

यापेक्षा सरळ कसोटी जस्त आणि गंधक यांची ठरली असती. दुर्दैवाने एवढ्या मंद आणि एवढ्या कंगाल ताऱ्यात त्या रेषा हाती लागणे फार अवघड आहे.


अग्रनद, गुहागर

सर, अभिसरणाची हरकत मला मान्य आहे आणि तिच्यापुढे माझी बाजू लंगडी पडते, हे कबूल करायला हवे. तरीही धुळीचा पुरावा बाजूला ठेवता येत नाही. व्हेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा सात लोहकंगाल ताऱ्यांची अवरक्त मोजमापे तपासली. उद्देश असा की एचआर ४०४९ सारखी उबदार तबकडी असेल तर ती अवरक्तात उठून दिसेल. सातांपैकी सहा ताऱ्यांत काहीही जास्त आढळले नाही. अपवाद नेमका एचई ०१०७-५२४० चा. त्याच्यात १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास अवरक्त प्रकाशाचे किंचित आधिक्य दिसले आणि ते खरे असेल तर धूळ-वायू वेगळे होण्याची किंवा जोडीदाराची ती खूण असू शकेल, असे त्यांनी लिहिले. त्यानंतर काही वर्षांतच जोडीदार खरोखर सापडला. हा योगायोग मला सहज गिळवत नाही.


कातळसडा, राजापूर

हे आधिक्य दोन सिग्माच्या पातळीचे होते, हे सोबत लिहिणे आवश्यक आहे. केवळ मोजमापातल्या चुकीमुळे एखाद्या ताऱ्यात एवढे आधिक्य दिसण्याची शक्यता शेकडा दोनच्या वर असते. सात तारे तपासले तर त्यांपैकी किमान एकात ते निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सातात एक इतकी होते. एवढ्या आधारावर तबकडी उभारणे मला धाडसाचे वाटते. जोडीदार सापडला म्हणून आधिक्य आपोआप खरे ठरत नाही. जोडतारे आकाशात काही दुर्मीळ नाहीत.

आता जोडीदाराविषयी. सुदा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्येच असे सुचवले होते की हा तारा जोडतारा असावा, आवर्तकाल दीडशे वर्षांच्या घरातला असावा, आणि त्यातला कार्बन आता श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) झालेल्या जोडीदाराने वृद्धापकाळी दिलेला असावा. पुढे चिलीतील व्हीएलटी या दुर्बिणीवरील एस्प्रेसो या वर्णपटमापकाने केलेल्या वेधांत अरीय वेग खरोखर बदलताना दिसला. या वेधांच्या काळात हा वेग दिवसाला सुमारे अर्धा मीटर प्रतिसेकंद या दराने उतरत होता. जुन्या, कमी अचूक वर्णपटमापकांना हा उतार सहज कळला नसता. आग्वादो आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या निबंधानुसार आवर्तकाल साडेतीन दशकांच्या आसपास येतो. म्हणजे जोडीदाराचे भाकीत बरोबर ठरले, पण कक्षा अपेक्षेपेक्षा बरीच लहान निघाली.

त्याच निबंधात कार्बन-१२ आणि कार्बन-१३ या समस्थानिकांचे गुणोत्तर सुमारे ८७ असे दिले आहे, जे सूर्यमालेतल्या गुणोत्तराच्या अगदी जवळ आहे. कार्बन-१३ एवढा कमी असणे वेगाने फिरणाऱ्या आद्य ताऱ्यांकडून अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी जुळत नाही, असे त्या गटाने म्हटले आहे. चिपळूणच्या सरांची अभिसरणाची हरकत धरून माझ्यापुरते उत्तर असे : दोन्ही तारे दक्षिण आकाशातले, दोन्ही जोडतारे, दोन्हींत लोह नाही, तरीही एचआर ४०४९ चे रसायन जोडीदारामुळे घडले आणि एचई ०१०७-५२४० चे बहुधा ज्या ढगातून तो जन्मला त्या ढगामुळे. मूळ लेखात मी जोडीदाराला दिलेले महत्त्व एचआर ४०४९ पुरते कायम ठेवतो. ते सर्व लोहकंगाल ताऱ्यांना लावण्याचा माझा हेतू नव्हता आणि नाही.


पाणमळा, सावंतवाडी

चर्चा लोहाभोवती फिरते आहे म्हणून बेरियम ताऱ्यांचा उल्लेख करते. बिडलमन आणि कीनन यांनी १९५१ मध्ये हा गट वेगळा काढला. या राक्षसी ताऱ्यांत बेरियम आणि स्ट्रॉन्शियम अवाजवी असते, आणि ती मूलद्रव्ये घडवण्याइतके त्यांचे स्वतःचे वय झालेले नसते. १९८० मध्ये मॅक्लुअर, फ्लेचर आणि नेमेक यांनी हे तारे जोडतारे असल्याचे दाखवले, तेव्हा कोडे सुटले : बेरियम जोडीदाराने दिलेले होते. म्हणजे जोडीदार ताऱ्याचे रसायन दोन उलट मार्गांनी बदलू शकतो. बेरियम ताऱ्यात तो बाहेरचे द्रव्य आणून टाकतो आणि एचआर ४०४९ मध्ये तो ताऱ्याचेच द्रव्य गाळून परत येण्याची व्यवस्था करतो. एचई ०१०७-५२४० मध्ये बेरियम आढळत नाही, हेही कातळसडा दादांच्या बाजूने जाते असे मला वाटते.


वेंगुर्ल्याची वाळू

सेंटॉरसमधला प्शिबिल्स्कीचा तारा, म्हणजे एचडी १०१०६५, यात बसतो का? त्यातही लोह कमी आणि दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये भरमसाट असतात.


प्रयोगशाळा, चिपळूण

नाही. तो तारा १९६१ मध्ये उजेडात आला आणि आजही तितकाच चमत्कारिक आहे, पण त्याची जात वेगळी. त्याच्यासारख्या चुंबकीय ताऱ्यांत काही मूलद्रव्ये प्रारणदाबाने, म्हणजे प्रकाशाच्या दाबाने, वर तरंगतात आणि काही खाली बुडतात. मिशो यांनी १९७० मध्ये या प्रक्रियेचा सिद्धान्त मांडला. तेथे निवड अणूंच्या पातळीवर होते आणि ताऱ्याच्या आतच होते. एचआर ४०४९ मध्ये निवड ताऱ्याबाहेर, धुळीच्या कणांवर होते. त्याचे अधिक जवळचे नातेवाईक हवे असतील तर ते लॅम्बडा बोओटिस प्रकारचे तारे. त्यांच्या रसायनासाठीही व्हेन आणि लॅम्बर्ट यांनी १९९० मध्ये धुळीविना वायू पडण्याचेच स्पष्टीकरण सुचवले होते. त्यांच्यावर वेगळा धागा काढावा.


देवगडचा दक्षिणवारा

तात्त्विक बाजू पुरेशी झाली. एचआर ४०४९ चे वेध आपल्या किनाऱ्यावरून घ्यायचे असतील तर काय करावे लागेल, हे कोणी लिहील काय? एचई ०१०७-५२४० चा विचार सोडूनच दिला आहे. तो आमच्याकडून जेमतेम २१ अंश वर येतो आणि पंधराव्या प्रतीचा तारा तेवढ्या खाली, समुद्रावरच्या धूसर हवेत, घरगुती दुर्बिणीतून मिळणे अशक्यच आहे. शेजारचा अग्रनद (अॅकर्नर) हा ठळक तारा पाहूनच नोव्हेंबरात समाधान मानतो.


कातळसडा, राजापूर

एचआर ४०४९ ची क्रांती उणे २९ अंश (खगोलीय विषुववृत्ताच्या २९ अंश दक्षिणेला) असल्याने तो राजापूरहून सुमारे ४४ अंशांपर्यंत वर येतो, त्यामुळे वातावरणाचा त्रास मर्यादित राहतो. फेब्रुवारीच्या अखेरीस तो मध्यरात्री सर्वांत उंच असतो आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास. अल्फा अँटलियेपासून तो साधारण तीन अंश वायव्येला आहे, म्हणून दहा बाय पन्नासच्या द्विनेत्रीत दोन्ही एकाच दृष्टिक्षेत्रात येतात. तुलनेसाठी मात्र अल्फा अँटलिये वापरू नये. तो नारिंगी छटेचा राक्षसी तारा आहे, आणि रंगात एवढा फरक असला की डोळ्यालाही फसगत होते आणि कॅमेऱ्यालाही. जवळचे, पांढऱ्या रंगाचे, पाचव्या-सहाव्या प्रतीचे दोन तारे निवडावेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या संस्थेचे नकाशे त्यासाठी उपयोगी पडतात.

एकूण बदल अर्ध्या प्रतीचा आहे आणि सरावलेल्या डोळ्याचा अंदाज एक दशांश प्रतीपर्यंत धरता येतो, त्यामुळे कॅमेरा नसला तरी अडत नाही. खरी अडचण हंगामाची. डिसेंबर ते मे एवढाच काळ आपल्याला मिळतो, म्हणजे ४३० दिवसांच्या चक्राचा दोन पंचमांशाहून थोडा अधिक भाग. आवर्तकाल वर्षापेक्षा ६५ दिवसांनी मोठा असल्याने किमान तेजाचा काळ दरवर्षी दोन महिन्यांहून अधिक पुढे सरकतो आणि काही वर्षे तो थेट पावसाळ्यात जातो. सगळे चक्र झाकायचे तर पाच-सहा वर्षे चिकाटी हवी, किंवा निरनिराळ्या ठिकाणच्या चार जणांनी मिळून काम करायला हवे. किनारा धरून असलेल्यांनी मार्च-एप्रिलमधल्या भाजावळीच्या धुराचे दिवस वगळावेत, नाहीतर धुरामुळे आलेला मंदपणा तबकडीच्या नावावर जमा होईल. तुलनेचे तारे लक्ष्याच्या उंचीवरचेच घेतले तर यातला बराचसा दोष निघून जातो.


पाणमळा, सावंतवाडी

मी या हंगामापासून नोंदी ठेवायला तयार आहे. आमच्याकडे किनाऱ्यापेक्षा खार कमी असली तरी दमट हवेने भिंगांना बुरशी धरते, म्हणून द्विनेत्री सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवते. तुलनेचे तारे आपण सगळ्यांनी एकच वापरावेत, अन्यथा नोंदी एकत्र करताना प्रत्येकाच्या शून्यबिंदूतला फरकच अर्ध्या प्रतीच्या बदलाएवढा निघेल.


देवगडचा दक्षिणवारा

मान्य. मीही येतो. नोंदीत तारीख आणि वेळ यांच्याबरोबर ताऱ्याची अंदाजे उंची, चंद्राची स्थिती आणि समुद्राच्या बाजूला मासेमारी बोटींचे दिवे होते किंवा नाही, एवढे लिहावे असे सुचवतो. तुलनेच्या ताऱ्यांची निवड कातळसडा यांनी करून येथेच टाकावी.